टाकीचं कुलूप

आमचा ट्रॅक्टर सुरू झाला की कुंभारीच्या निम्म्या गावाला कळायचं. आधी तो म्हाताऱ्या माणसासारखा खोकायचा, मग एक मोठा ठसका देऊन धुराचा काळा गोळा वर फेकायचा, आणि मग त्याचं ते धडधड, धडधड सुरू व्हायचं. ओट्यावर वाळत घातलेल्या शेंगासुद्धा त्यानं थरथरायच्या. तो परदेशी होता आणि आमच्याकडे आला तेव्हाच म्हातारा होता. एका बागायतदाराच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं कोंबड्यांनी त्याच्यावर अंडी घातली होती. तिथून आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तो आणला आणि त्यासाठी बैलजोडी विकली. त्याचा लाल रंग उडून विटकरी झाला होता, तरी सगळे त्याला लाल्याच म्हणायचे. आताच्या ट्रॅक्टरसारखा तो डिझेलवर चालत नसे. त्याला दोन टाक्या होत्या, एक छोटी पेट्रोलची आणि एक मोठी रॉकेलची. पुढं हँडल मारून पेट्रोलवर सुरू करायचा, इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचा. माझा नातू हल्ली मोबाईलवर असले ट्रॅक्टर शोधून मला दाखवतो आणि विचारतो, आजी, हा होता का? मी म्हणते, दिसायला असाच, पण याला वास नाही रे.

लाल्या चालवायचे माझे चुलते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. आबांपेक्षा ते इतके धाकटे की लोकांना मुलगाच वाटायचे, आणि खरं तर तसंच होतं. आजोबा-आजी लवकर गेले, तेव्हा नाना अंगणात रांगत होते. आईनं लग्न होऊन आल्या आल्या आधी दिराला न्हाऊमाखू घातलं, माझा जन्म त्याच्या बऱ्याच नंतरचा. नानांचं लग्न होऊन इंदुकाकी अक्कलकोटकडून आल्या, तेव्हा घरात पहिल्यांदा कानडी आली. चुलीपुढं बसून त्या स्वतःशी कानडीत पुटपुटायच्या, आणि मला भाकरी वाढताना ‘ऊटा माडू’, म्हणजे जेव, म्हणायच्या. सकाळी आईच्या हातांचा भाकरी थापल्याचा पटपट आवाज आणि काकींनी उखळात कुटलेल्या शेंगाचटणीचा दणदण आवाज एकत्र सुरू व्हायचा. तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा सुटला की त्यावर ती तेल सुटलेली, लसणाची चटणी. तशी चव मला पुन्हा कुठल्या घरात मिळाली नाही, माझ्या स्वतःच्याही नाही.

आबा वाईट नव्हते, हे मला आधीच सांगायला हवं, कारण पुढचं वाचून कुणालाही ते तसे वाटतील. त्यांनी कुणाचं एक कणीस कधी घेतलं नाही. पण आपलं कणीस कुणीतरी घेणारच, याची त्यांना खात्री असायची. आजोबा गेल्यावर एका जवळच्या नातेवाइकानं गोड बोलून विहिरीकडचा तुकडा बळकावला होता, आणि आबा तेव्हा मिसरूड न फुटलेले पोर होते. तेव्हापासून त्यांची नजरच तशी झाली. दूध आलं की पाणी घातलंय का बघायला ते बोट बुडवून नखावर थेंब धरून बघायचे. गड्यानं राम राम जरा जास्त आदरानं घातला तर दिवसभर विचार करायचे, ह्याला आज काय पायजे असंल? आई हसून म्हणायची, “तुमी देवाच्या प्रसादातबी खडा शोधताल.” तेव्हा आम्हीही हसायचो.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस चांगला झाला होता. ज्वारी पेरायच्या आधी कुळवणी उरकायची होती, आणि आमच्या काळ्या रानाची ओल म्हणजे आलेल्या पाहुण्यासारखी, चार दिवस राहील आणि निघून जाईल. रॉकेल तेव्हा सहज मिळत नसे. काम थांबलं की आबा रोज संध्याकाळी टाकीत वेताची काठी बुडवायचे आणि तेल कुठवर आलंय त्यावर खडूनं खूण करायचे. एके सकाळी तेल खुणेच्या खाली निघालं. दुसऱ्या सकाळीही निघालं.

“नाना, काल रात्री कुणी आलतं का शेडात?”

“कुणी न्हाय, दादा.”

“मग तेल काय चिमण्यांनी पिलं?”

नानांनी सोलापूरच्या भवानी पेठेतून रशीदभाई मिस्त्रीला बोलावून आणलं. रशीदभाई पान खाऊन, हळू, गाणं म्हटल्यासारखं बोलायचा. त्यानं गोणपाट अंथरून कार्बोरेटर सोडवला. त्याच्या आत एक छोटी वाटी असते, वाटीत तरंगणारी एक डबी, आणि डबी वर आली की तेल बंद करणारी एक सुई. त्यानं ती सुई उन्हात धरून दाखवली. “देखो मालिक, सुईच्या तोंडाला कचरा हाय. सुई बंदच होत नव्हती. ट्रॅक्टर उभा असला तरी थेंब थेंब गळत होतं.” आबा खाली वाकले, जमिनीवरून हात फिरवला. “गळलं असतं तर डाग पडला असता की.” रशीदभाई म्हणाला, “काळी माती हाय मालिक, ती सगळं पिती.” त्यानं सुई साफ करून बसवली, आणि तो गेल्यावर आबा आईला म्हणाले, “नाना त्याला घेऊन आला, न् त्यानं नानाच्या बाजूचं सांगितलं. एवढं कळत न्हाय व्हय मला?”

नानाची बाजू. आमच्या घरात नानाला वेगळी बाजू आहे हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आबा सोलापुरात गेले आणि पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराकडून टाकीला नवं टोपण करून आणलं. जाड, आतून रबराची चकती बसवलेलं, वरून कडी आणि कडीला पितळी कुलूप. किल्ली त्यांनी करदोट्याला बांधली. जुनं टोपण, झिजलेलं, मधे बारीक भोक पडलेलं, त्यांनी शेडच्या वळचणीला खोचून ठेवलं. टाकीचं तेल त्यानंतर रात्रीतून कमी झालं नाही. सुई साफ झाल्यामुळं झालं नाही असं रशीदभाई म्हणाला असता, पण आबांना वाटलं की कुलपानं काम केलं. म्हणजे चोर होता. आणि चोराला कुलूप लावलंय हे कळलं, म्हणजे तो घरातला होता.

मग लाल्या बंद पडू लागला.

सकाळी व्यवस्थित सुरू व्हायचा. पेट्रोलवर छान, रॉकेलवर घेतला तरी थोडा वेळ छान. मग आवाज बदलायचा, धडधडीत मधेच एखादा ठोका चुकायचा, धूर पांढरा व्हायचा आणि फसकन मरायचा. नाना उतरून टाकीखालची, गाळ धरणारी काचेची वाटी सोडायचे, नळीला तोंड लावून फुंकायचे, तोंडातलं रॉकेल थुंकायचे, हँडल मारायचे. लाल्या पुन्हा थोडा चालायचा, पुन्हा मरायचा. “पेट्रोलवर पळतोय, राकेलवर मरतोय,” नाना घामानं निथळत म्हणायचे. “टाकीतनं तेलच खाली येईना.” बांधावरून आबा यायचे. आधी करदोट्याची किल्ली काढायचे, कुलूप उघडून टोपण फिरवायचे, काठी बुडवायचे, वास घ्यायचे. तेल भरपूर असायचं. टोपण लावून, कुलूप घालून म्हणायचे, “मार हँडल.” आणि लाल्या असा सुरू व्हायचा जसं काही झालंच नव्हतं.

आता सांगा, आबांनी काय समजायचं? नानाच्या हातात असला की बंद पडतो, आपण जवळ गेलो की चालतो. त्यातून टाकी काठोकाठ भरली की तो आणखी लवकर मरायचा. आबा म्हणायला लागले की टाकी भरायच्या डब्यातच नाना पाणी घालतोय. का घालतोय? तर कुळवणी लांबावी, दादा थकावा आणि त्यानं वाटणी करून द्यावी म्हणून. आई म्हणाली, “त्याला वाटणी पायजे असती तर मागितली नसती का?” आबा म्हणाले, “मागत न्हाय, म्हणूनच तर.” रशीदभाई पुन्हा येऊन गेला. त्याला टाकी बघायची म्हणून आबांनी कुलूप काढून दिलं, आणि टोपण उघडं असताना लाल्या अंगणात मजेत चालला. रशीदभाईनं पान थुंकलं. “इसमें कुछ नै मालिक. कारबेटर साफ हाय.” आबांनी त्याचाही संशय धरला.

मग त्यांनी मला कामाला लावलं. मी तेव्हा शाळा सोडून घरी बसलेली, लग्नाच्या वयाला आलेली मुलगी. नानांची न्याहारी रानात मी न्यायची. आबा दारात मला थांबवून म्हणाले, “सुमे, भाकरी देऊन लगेच येऊ नकोस. बस जरा. तो काय करतोय बघ न् मला सांग.” हे ते इतकं सहज म्हणाले की मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण बांधावरून चालताना मला एकदम जाणवलं की मी नानांकडं वेगळ्या डोळ्यांनी बघायला निघालेय. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली, तो आज वाटी सोडताना मान वळवून मागं का बघतोय? खिशात हात का घालतोय? एकदा असं बघायला लागलं की माणसाचं साधं खोकणंही साधं राहत नाही. आज एवढं वय झालं, तरी ती सकाळ आठवली की माझ्या पायांना तो बांध जाणवतो.

मी तुरीच्या ओळीआड उभी राहिले. नानांनी खिशातून सरबताची रिकामी बाटली काढली, टाकीच्या खालच्या नळीतून तिच्यात रॉकेल घेतलं, बूच लावलं आणि बाटली टॉवेलात गुंडाळली. हेच बघायला मला पाठवलं होतं. पण मी आबांकडं गेले नाही. सरळ पुढं जाऊन विचारलं, “नाना, ते काय करताय?”

ते दचकले, मग हसले. “बस हितं.” त्यांनी बाटली उन्हात धरली. “दादा म्हणतेत राकेलात पाणी हाय. पाणी जड असतं, खाली बसतं. उद्यापर्यंत हलवायची न्हाय. खाली पाण्याची रेघ दिसली तर दादांचं खरं.”

“आन् न्हाय दिसली तर?”

“तर मला काय कळंना मग, सुमे.” त्यांनी भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. “त्येंनी मला नुसतं इचारायचं होतं गं.”

बाटलीत रेघ दिसली नाही. पण नानांनी ती दाखवायच्या आधीच आबांना ती गोठ्यातल्या कडब्यात सापडली. त्याच आठवड्यात इंदुकाकींचा भाऊ सायकलवरून येऊन गेला होता. काकी त्याच्याशी ओट्यावर बसून खूप वेळ कानडीत बोलल्या होत्या, आणि जाताना त्याच्या पिशवीत शेंगा बांधून दिल्या होत्या. आबांनी हे सगळं मनात एकाला एक जोडलं. भर दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, त्यांनी बाटली नानांच्या ताटापुढं ठेवली.

“हे काय?”

“राकेल हाय, दादा. पाणी मिसळलंय का बघायला ठेवलं.”

“बघायला, का पावण्यासंगं पाठवायला?”

मी म्हणाले, “आबा, मी होते की तितं, मी बघितलंय,” तर ते म्हणाले, “तू गप. तुलाबी शिकवलं असंल.” आई कडाडली, “अवो, कुणाला बोलताय तुमी!” नानांनी ताटाला नमस्कार केला, उठून हात धुतले, आणि काकींकडं बघून मान हलवली. ऊन उतरायच्या आत ती दोघं एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन अक्कलकोटच्या एसटीला उभी होती. आई फाट्यापर्यंत मागं गेली. परत आली तेव्हा तिच्या पदराच्या टोकाला पीळ पडला होता. त्या दिवशी ती आबांशी बोलली नाही, आणि पुढं कित्येक दिवस नाही.

आबा स्वतः लाल्यावर बसले. आणि लाल्या त्यांच्या हाताखालीही बंद पडला. मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. पण ते म्हणाले, “जाता जाता काहीतरी करून ठेवलंय त्यानं.” ओल खाली खाली सरकत चालली होती, ढेकळं हातात घेतली की त्यांचा चुरा व्हायचा. आबा बंद पडलं की उतरायचे, कुलूप काढायचे, टोपण फिरवायचे. मी आता न्याहारी त्यांना न्यायची, म्हणून जवळ उभी असायची, आणि मला दर वेळी टोपण सैल होताना एक आवाज यायचा, सुस्स, तहानलेल्या जनावरानं पाणी ओढावं तसा. मी तो ऐकायची आणि सोडून द्यायची.

दसरा जवळ आला होता. आईनं गोडेतेलाचा नवा डबा काढला आणि मला म्हणाली, खिळ्यानं भोक पाड. मी कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेल भळकन आलं, मग गुटुक गुटुक करत अडलं, मग नुसती बारीक तार. आई न बघताच म्हणाली, “दुसरं भोक पाड की पलीकडं. वारा आत गेल्याबिगार तेल भायेर कसं यील?”

मी खिळा हातात धरून तशीच बसले. मग उठून शेडकडं पळाले आणि कुलपाचं ते टोपण सगळीकडून चाचपून बघितलं. त्याला कुठंच भोक नव्हतं.

आबांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर पायाला तेल चोळत होते. मी सांगत होते की टोपण घट्ट आहे, तेल खाली गेलं की वरून वारा आत जात नाही, म्हणून तेल अडतं, आणि टाकी काठोकाठ असली की आत मुळात वाराच नसतो, म्हणून आणखी लवकर अडतं. तुम्ही किल्लीनं उघडता तेव्हा वारा आत जातो, तो सुस्स आवाज त्याचाच. म्हणून तुमच्या हातानं सुरू होतो. ते चोळायचे थांबले. माझ्या चेहऱ्याकडं त्यांनी दुधाचा थेंब बघावा तसं बघितलं. “तुला नानाचं पत्र आलंय का?”

त्या एका वाक्यानं मला जे लागलं ते मी कुणाला सांगितलं नाही. पण आई दारात उभी होती. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

“उद्या टोपण काढून चालवायचा.”

“उघड्या टाकीतनं तेल गेलं तर?”

“मी बसते टाकीजवळ. बघते कोण नेतंय ते.”

आणि ती खरंच बसली. सकाळी नऊवारीचा कासोटा आवळून, डोक्यावर पदर घट्ट करून माझी आई लाल्याच्या मडगार्डवर चढली. वळचणीतलं जुनं भोकाचं टोपण तिनं स्वतःच्या हातानं टाकीवर बसवलं आणि त्यावर तळहात न ठेवता नुसती नजर ठेवली. आबांनी हँडल मारलं. लाल्या खोकला, ठसकला, चालू लागला. रॉकेलवर घेतला. एक तास गेला, दुसरा गेला. ज्या चिंचेपाशी तो रोज मरायचा ती मागं पडली. शेजारच्या रानातली बायामाणसं काम सोडून बांधावर येऊन उभी राहिली, कारण ट्रॅक्टरवर बसलेली बाई त्यांनी कधी बघितली नव्हती. आई हादऱ्यांनी हलत होती, धुळीनं तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, पण ती उतरली नाही. आबा वळून तिच्याकडं एकदाही बघू शकले नाहीत. सगळं रान कुळवून झालं, तेव्हा त्यांनी इंजिन बंद केलं. ते स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले. आई खाली उतरली, पदर झटकला आणि म्हणाली, “आता अक्कलकोटची गाडी बघा.”

आबा मला बरोबर घेऊन गेले. इंदुकाकींच्या माहेरी नाना अंगणात दोरखंड वळत बसले होते. आबांना बघून उठले, पाया पडले. आबा म्हणाले, “टोपणाला भोक नव्हतं, नाना.” एवढंच. माझं चुकलं वगैरे ते म्हणाले नाहीत, त्यांना ते शब्द येतच नसत. नाना म्हणाले, “बरं झालं, कळलं.” मग दोघेही बराच वेळ ओसरीवर बसून कुळवणी, ओल, बियाणं यावर बोलले. निघताना आबा म्हणाले, “चल घरी.” नाना म्हणाले, “येतो, दादा. पण येगळं राहीन. वाटणी करा.” आबांनी मान खाली घालून ‘व्हय’ म्हटलं.

वाटणी लिंबाखाली झाली. आबांनी रानाचे दोन भाग केले. एक काळं, खोल, पाण्याजवळचं. दुसरं टेकडीकडचं, वरून दोन बोटं माती आणि खाली सगळा मुरूम. सारखं वाटता येणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. आमच्याकडं थोरल्यानं भाग पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, अशी रीत. आबा म्हणाले, “उचल,” आणि त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं की त्यांनी नानाला काळं रान द्यायचं मनात धरलंय, म्हणूनच तसे भाग पाडलेत. त्यांना तेवढंच करता येत होतं. नानांनी क्षणभरही विचार केला नाही. मुरमाचा भाग उचलला.

त्या मुरमात नानांचं आयुष्य गेलं. शेतीवर भागेना म्हणून पुढं ते सोलापुरात सात रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये कामाला लागले, मुरमात बोरं लावली, शेळ्या पाळल्या, मुली उजवल्या. आबांशी त्यांचं कधी भांडण झालं नाही. सणाला येत, पाया पडत, आबा आजारी असताना उशाशी बसून राहिले. आबांना शेवटपर्यंत ते कोडं सुटलं नाही. मला म्हणायचे, “त्यानं काळं रान का सोडलं गं? रागानं सोडलं का?”

आबा गेल्यावर मी एकदा नानांना विचारलं. ते आता खूप थकलेत, पण तेव्हा चांगले हिंडत-फिरत होते. बोरीखाली बसले होते. म्हणाले, “राग कशाचा? काळं रान उचललं असतं, तर दादा म्हणलेच असते की घे. मनानं दिलं होतं त्येंनी. पण पुढच्या साली पीक बरं आलं असतं, न् त्येंना वाटलं असतं, ह्यानं ह्याच्यासाठीच तर केलं न्हाय सगळं? मी त्येंना वळखत होतो, सुमे. म्हणलं, आपलं मुरूमच बरं. मुरमाकडं बघून कुणाची झोप उडत न्हाय.”